आधी क्लच दाबून बघा

मागच्या वर्षी साताऱ्यातल्या एका गॅरेजमध्ये माझ्या गाडीच्या इंजिनचं काम निघालं होतं. गाडी डिझेल, दुसऱ्या मालकाकडून घेतलेली, मीटरवर १,६२,००० किलोमीटर. सकाळी चालू केली की बॉनेटखालून घरघर यायची, जात्यात खडा आल्यासारखी. गॅरेजवाल्याने दोन मिनिटं कान दिला, ॲक्सिलरेटर दोनदा दाबून बघितला आणि सांगितलं, "क्रँकचा आवाज आहे. इंजिन उतरवावं लागेल." खर्चाचा आकडा ऐकून मी गाडी तशीच घरी आणली.

आमच्या गल्लीत एक काका राहतात, एसटीच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. ते कट्ट्यावर बसले होते. बॉनेट उघडायला ते उठलेही नाहीत. बसल्या जागेवरून म्हणाले, "न्यूट्रलला चालू ठेव. आता क्लच दाब. पूर्ण दाब."

दाबला. घरघर थांबली.

"सोड."

सोडला. घरघर परत सुरू.

"इंजिनला काही झालेलं नाही बाळा. गिअरबॉक्सचं बेअरिंग गेलंय."

या तपासणीला एक पैसा लागला नाही, पाना लागला नाही, आणि ती कुणालाही करता येते. गाडी न्यूट्रलला उभी असते तेव्हा इंजिन क्लचमार्गे गिअरबॉक्सचा पुढचा शाफ्ट फिरवत असतं. आपण क्लच दाबतो तेव्हा इंजिन फिरत राहतं, पण तो शाफ्ट थांबतो. म्हणजे क्लच दाबल्यावर आवाज गेला तर तो गिअरबॉक्समधला. क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाला तर तो क्लचच्या रिलीज बेअरिंगचा. क्लचने काहीच फरक पडला नाही, तर मग इंजिनकडे किंवा इंजिनवर बसलेल्या इतर वस्तूंकडे वळायचं. लाख-दीड लाख किलोमीटर झालेली गाडी वापरणाऱ्या प्रत्येकाला एवढं तरी माहीत असावं असं मला मनापासून वाटतं, कारण ते माहीत नसल्यामुळे लोक चांगली इंजिनं खोलून घेतात.

आवाज कसा, यापेक्षा केव्हा

गॅरेजमध्ये गेल्यावर आपण काय सांगतो? "खडखड येतेय हो." कुणी तिला टकटक म्हणतं, कुणी करकर. माझी टकटक तुमची टिकटिक असू शकते. त्यामुळे नुसत्या वर्णनावरून निदान करणं कठीण, आणि नवशिक्या मिस्त्रीची फसगत होते ती इथेच. आवाज केव्हा येतो, केव्हा जातो आणि कशाबरोबर वाढतो, हे मात्र सगळ्यांना सारखंच सांगता येतं.

म्हणून गाडीत एक छोटी वही ठेवा. आवाज आला की चार गोष्टी लिहायच्या. इंजिन थंड होतं की गरम? गाडी उभी होती की चालती? कितव्या गिअरला, किती वेगात? आणि त्या क्षणी पाय कशावर होता, ॲक्सिलरेटरवर, क्लचवर की ब्रेकवर? माझ्या वहीत एक नोंद अशी आहे: "सकाळी ७. रात्रभर उभी. चालू केल्यावर घरघर. एसी बंद. क्लच दाबला की जाते. गरम झाल्यावर कमी होते, पूर्ण जात नाही." एवढ्या सहा वाक्यांवर कुठलाही चांगला मेकॅनिक अर्ध्या वाटेवर पोचतो. मोबाइलवर रेकॉर्डिंग करायचं असेल तर तेही करा, पण त्यात तोंडाने सांगत जा: "आता क्लच दाबला, आता सोडला, आता एसी लावला." नुसता आवाज फोनच्या माइकमधून बदलून येतो आणि त्यावरून कुणी शहाणा माणूस निदान करत नाही.

पहिली मोठी वाटणी एकच. आवाज इंजिनच्या फेऱ्यांबरोबर वाढतो की गाडीच्या वेगाबरोबर? मोकळ्या, सपाट रस्त्यावर ६० च्या वेगाने जाताना गिअर न्यूट्रल करा आणि गाडी घसरू द्या. इंजिन बंद करायचं नाही, त्याने ब्रेक आणि स्टिअरिंगची ताकद जाते. इंजिन आयडलला आलं तरी आवाज तसाच राहिला आणि गाडी मंदावेल तसा मंदावत गेला, तर तो चाकांकडचा, टायरचा, बेअरिंगचा किंवा डिफरन्शियलचा. आवाज लगेच पडला तर तो इंजिन, क्लच किंवा भाराखालच्या गिअरचा. एवढ्यावरून निम्मी गाडी संशयातून सुटते.

गाडी तिथेच थांबवावी असे आवाज

बाकीचं वाचण्याआधी हे लक्षात ठेवा. ऑइलचा लाल दिवा लागला आणि बरोबर ठकठक सुरू झाली, तर "पुढच्या पंपापर्यंत नेतो" असं म्हणू नका. बाजूला घ्या, इंजिन बंद करा. क्रँक बेअरिंगांमध्ये ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. तो थर गेला की धातूवर धातू घासतो, आणि दुरुस्त होण्यासारखं इंजिन काही मिनिटांत भंगारात जातं. डिपस्टिक बघा. ऑइल कमी असेल तर भरा. दिवा गेला आणि आवाजही पूर्ण गेला तरच हळू चालवा, नाहीतर टोइंग बोलवा.

दुसरा आवाज खोल, जड, हातोडीने लाकडी ओंडक्यावर मारल्यासारखा. थंड इंजिनला कमी, गरम झाल्यावर जास्त. २,००० ते २,५०० फेऱ्यांवर धरून ॲक्सिलरेटर पटकन सोडला की "ठक-ठक" असा दुहेरी येतो. हा कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा. याला वेळ देऊ नका, रोज चालवून तो बरा होत नाही. तिसरा म्हणजे गाडी चालताना गिअरबॉक्समधून अचानक आलेला कडकडाट, दात तुटल्यासारखा. चौथा, इंजिन तापल्याचा काटा वर गेलेला असताना येणारा कुठलाही नवा आवाज. या चारांखेरीज बाकी बहुतेक आवाज तुम्हाला एक-दोन दिवस शांतपणे तपासायची सवड देतात.

आधी स्वस्तातलं

दीड लाख किलोमीटरच्या गाडीत बॉनेटखालून आवाज आला की मनात पहिलं नाव येतं ते इंजिनचं. पण इंजिनच्या पुढच्या बाजूला पट्ट्यावर अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर, टेन्शनर, आयडलर पुली, काही गाड्यांत पाण्याचा पंप आणि स्टिअरिंगचा पंप अशी मंडळी फिरत असतात. प्रत्येकात बेअरिंग आहे, आणि बेअरिंग ही झिजणारी वस्तू आहे.

सकाळी किंवा पावसात "चीं" असा आवाज येत असेल तर पट्टा. पट्ट्याच्या खाचांच्या बाजूवर पाण्याचा हलका फवारा मारून बघा. आवाज क्षणभर जाऊन परत आला तर पट्टा झिजलाय किंवा पुली वाकडी बसलीय. पाण्याने आवाज वाढला तर ताण कमी पडतोय. एसीचा एक प्रकार गमतीचा आहे. एसी बंद असताना घरघर येते आणि एसी लावला की थांबते, तेव्हा लोक चक्रावतात. एसी बंद असतो तेव्हा त्याची पुली आपल्या बेअरिंगवर नुसती फिरत असते. लावल्यावर पुली आणि कॉम्प्रेसरचा शाफ्ट एक होऊन फिरतात, त्या बेअरिंगवरचा भार बदलतो आणि घरघर दबू शकते. म्हणजे दोष बहुधा पुलीच्या बेअरिंगचा, कॉम्प्रेसर चांगला. उलट झालं, एसी लावल्यावर आवाज आला, तर कॉम्प्रेसरकडे बघायचं. स्टिअरिंग एका टोकापर्यंत वळवल्यावर रडण्यासारखा आवाज आला आणि गाडीत हायड्रॉलिक स्टिअरिंग असेल, तर आधी त्याचं ऑइल बघा.

सगळ्यात पक्की तपासणी मेकॅनिक करतो. पट्टा काढून इंजिन अर्धा मिनिट चालवतो. आवाज गेला तर इंजिन सुटलं. ही घरी करू नका, आणि पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर असेल तर मेकॅनिकलाही अर्ध्या मिनिटाच्या पुढे चालवू देऊ नका.

लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानामागच्या हाडाला लावून टोक अल्टरनेटरच्या, पुलीच्या, टॅपेट कव्हरच्या न फिरणाऱ्या भागावर टेकवायचं, ही जुनी युक्ती आजही चालते. खराब बेअरिंगवर टेकवलं की कानात वाळू दळल्यासारखं ऐकू येतं, चांगल्यावर नुसती एकसारखी गुणगुण. वाऱ्याची फुसफुस शोधायची असेल तर तीन-चार फूट रबरी नळी घ्या, एक टोक कानाशी, दुसरं जोडांजवळून फिरवा. पण ओढणी, पदर, सैल बाही, गळ्यातली साखळी, सगळं आधी आवरा. आणि बहुतेक गाड्यांत रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो, इंजिन शांत दिसत असलं तरी तो अचानक सुरू होतो. हे काम बंद पार्किंगमध्ये करू नका, सायलेन्सरच्या धुराला वास नसला तरी तो जीव घेतो.

थंड इंजिनला टिकटिक आणि गाडी तापल्यावर गायब, ही तक्रार घेऊन येणाऱ्या गाड्यांत टॅपेटचा संशय सगळ्यात आधी घेतला जातो. तो घेण्याआधी टॉर्च लावून एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा जोड बघा. तिथे काजळीचे काळे ओघळ असतील तर गॅस गळतोय. धातू तापून फुगला की फट बुजते आणि आवाज थांबतो. एखादं गॅस्किट किंवा तुटलेला स्टड बदलून काम होतं. जरा रेस केल्यावर ठरावीक फेऱ्यांवरच पत्रा थरथरल्यासारखा आवाज येत असेल तर सायलेन्सरवरचं उष्णतेचं पत्र्याचं आवरण सैल झालंय. डिझेल गाडीत "छक छक" असा वाफेच्या इंजिनासारखा आवाज येत असेल तर इंजेक्टरच्या बुडाशी बघा. डांबरासारखा काळा थर साचला असेल तर तांब्याचा वॉशर गेलेला असतो. हे लवकर केलं तर छोटं काम, वर्षभर ढकललं तर तो थर दगडासारखा होतो आणि इंजेक्टर निघता निघत नाही.

एक इशारा डिझेलवाल्यांसाठी. जुन्या काळी मिस्त्री एकेका इंजेक्टरची नळी सैल करून कुठल्या सिलिंडरमधून आवाज येतो ते शोधत. आजच्या कॉमन रेल इंजिनात ते कधीही करू नका आणि कुणाला करू देऊ नका. त्या नळ्यांतला दाब १,००० बारच्याही वर जातो. इतक्या दाबाची डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत जाते आणि बोटं, कधी हात गमवावा लागतो.

इंजिन खरंच बोलत असेल तर

आता इंजिनच्या आतल्या आवाजांकडे. इथे एक हिशोब फार उपयोगी पडतो. आयडलला इंजिन मिनिटाला साधारण ८०० फेऱ्या करतं, म्हणजे सेकंदाला तेरा. कॅमशाफ्ट याच्या निम्म्या वेगाने फिरतो, सेकंदाला सहा-सात. म्हणून एकाच टॅपेटची टिकटिक संथ वाटते, शिवणयंत्र हळू चालवल्यासारखी. रॉड आणि पिस्टनकडचे ठोके जलद, एकमेकांत मिसळलेले असतात. कान सरावला की "हा आवाज इंजिनच्या लयीपेक्षा सावकाश आहे" हे ओळखू येतं आणि वरचं दुखणं की खालचं, ते कळतं.

वरून आलेली टिकटिक बहुतेक वेळा ऑइलशी जोडलेली असते. ऑइल कमी, जुनं, चुकीच्या ग्रेडचं, किंवा फिल्टर हलक्या प्रतीचा. म्हणून कुठलीही चर्चा करण्याआधी डिपस्टिक काढा. गाडी सपाट जागेवर, इंजिन गरम करून बंद केल्यावर पाच-दहा मिनिटं थांबून. दोन्ही खुणांच्या मध्ये ऑइल आहे का, बोटावर खरखर लागते का, डिझेलचा किंवा पेट्रोलचा वास येतो का. कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या ग्रेडचं ऑइल आणि चांगला फिल्टर घालून ५०० किलोमीटर चालवा. मी स्वतः इतक्या टिकटिकी एवढ्यावर शमलेल्या पाहिल्या आहेत की त्याआधी टॅपेट खोलायला मी कुणाला होच म्हणत नाही.

सकाळी चालू करताना पहिल्या दोन-तीन सेकंदांत साखळी ओढल्यासारखी खळखळ आणि मग शांत, हा टायमिंग चेनचा आवाज. चेनचा ताण ऑइलच्या दाबावर ठेवलेला असतो आणि रात्रभरात ते ऑइल उतरलेलं असतं. दोन सेकंदांत थांबत असेल तर ऑइल-फिल्टर बदलून लक्ष ठेवा. पाच-सात सेकंद चालत असेल, किंवा गरम इंजिनला १,५०० फेऱ्यांच्या आसपास पुन्हा येत असेल, तर चेन लांबलीय, किंवा टेन्शनर आणि त्याची प्लॅस्टिकची पट्टी गेलीय. फियाटचं १,२४८ सीसीचं मल्टिजेट डिझेल इंजिन घ्या. मारुती, टाटा, फियाट अशा अनेक कंपन्यांच्या गाड्यांत ते बसलं, पुण्याजवळ रांजणगावलाही बनायचं, आणि बीएस-सहा नियम आले तेव्हा, २०२० मध्ये, मारुतीने ते बंद केलं. त्या इंजिनाच्या गाड्या आजही गावोगाव आहेत. त्यात चेन आहे. ऑइल वेळेवर बदललेल्या गाड्यांत ती लांब पल्ला गाठते, आणि न बदललेल्या गाड्यांत ती आधी सकाळीच बोलायला लागते. चेन दात सोडून सरकली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, म्हणून हा आवाज वर्षभर ऐकत बसण्याचा नाही.

थंड इंजिनला पोकळ, मडक्यावर टिचकी मारल्यासारखा आवाज आणि पाच मिनिटांत कमी, हा पिस्टनचा. थंडीत पिस्टन सिलिंडरमध्ये किंचित सैल असतो, तापला की फुगून घट्ट बसतो. अशा गाड्या वर्षानुवर्षं चालतात. ऑइल पीत नसेल, धूर नसेल, तर यासाठी इंजिन खोलू नका. पेट्रोल गाडीत चढावर, मोठ्या गिअरला, कमी फेऱ्यांवर ॲक्सिलरेटर दाबल्यावर डब्यात खडे हलवल्यासारखी बारीक किणकिण येते, ते नॉकिंग. आधी गिअर उतरवा. ते नेहमीचंच झालं असेल तर आत साचलेला कार्बन, भेसळीचं पेट्रोल किंवा सेन्सर, अशा क्रमाने तपासा.

बेअरिंगचा संशय असेल तर इंजिन उतरवण्याआधी मेकॅनिककडे दोन गोष्टी मागा. एक, ऑइलच्या दाबाचं साधं काटेवालं मीटर लावून गरम इंजिनवर दाब बघा. जुना ठोकताळा असा की दर १,००० फेऱ्यांना निदान १० पीएसआय हवा. दुसरी, काढलेला फिल्टर तुमच्यासमोर कापायला सांगा. आतला कागद उलगडून उन्हात धरा. काळपट राड निघणारच, ती घाबरण्याची नाही. पण कागदाच्या घड्यांत अभ्रकासारखी चमक दिसली, त्यातही तांबूस-सोनेरी कण असतील, तर बेअरिंगचा थर सुटलाय. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि ते न करता मोठ्या खर्चाला होकार देऊ नये.

गिअरबॉक्स आणि त्यापुढचं

माझ्या गाडीचा गिअरबॉक्स उतरवला तेव्हा मी तिथे उभा होतो. काकांच्या ओळखीच्या फिटरने शाफ्टवरचं बेअरिंग ओढून काढलं, डिझेलने धुतलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. "फिरवा." बाहेरची कडी धरून फिरवली तर बोटांना खडे लागत होते. आतल्या पट्टीवर, जिथून गोळ्या धावतात, तिथे देवीच्या व्रणांसारखे खळगे पडले होते. गिअरबॉक्सच्या ड्रेन प्लगवर लोहचुंबक असतो. त्यावर राखाडी मलमासारखा लेप होता आणि त्यात दोन कपच्या. लेप चालतो, कपच्या चालत नाहीत. आतलं ऑइल कितीदा बदललं होतं, हे आधीच्या मालकाच्या एकाही बिलावर नव्हतं. बऱ्याच गाड्यांत दोन-अडीच लिटरचं हे काम असतं, आणि तरी लाख लाख किलोमीटर कुणी त्याला हात लावत नाही.

क्लच सोडल्यावर थोडी खुळखुळ डिझेल गाड्यांत न्यूट्रलला असतेच, ती दातांच्या मोकळीकीची. घरघर वेगळी. एकाच गिअरला आवाज येत असेल तर त्या गिअरचे दात किंवा बेअरिंग. सगळ्या गिअरांना सारखा, ॲक्सिलरेटर दाबल्यावर एक सूर आणि सोडल्यावर दुसरा सूर येत असेल तर डिफरन्शियलची क्राऊन-पिनियन. गिअर टाकताना कर्रर्र होत असेल तर घाईने सिंक्रो रिंगला दोष देऊ नका. उभ्या गाडीत क्लच पूर्ण दाबा, मनात तीन मोजा आणि मग रिव्हर्स टाका. तरीही कर्रर्र झालं तर क्लच नीट सुटत नाहीये, गिअरबॉक्स खोलायचं कारण नाही. रिव्हर्स शांत पडतो पण चालत्या गाडीत दुसरा किंवा तिसरा ओरडतो, तर मग रिंग. चालता चालता गिअर आपोआप न्यूट्रलला येत असेल तर वाट बघू नका.

क्लच सोडताना किंवा ॲक्सिलरेटर सोडताना "ठक्क" असा धक्का आला तर आधी इंजिनचं फाउंडेशन, म्हणजे ज्या रबरांवर इंजिन बसतं ती. बॉनेट उघडं ठेवून एकाने ब्रेक घट्ट धरून पहिल्या आणि रिव्हर्स गिअरला क्लच किंचित सोडायचा, दुसऱ्याने बाजूला उभं राहून बघायचं. समोर कधीही उभं राहू नका. इंजिन उडी मारत असेल तर रबर फाटलंय. बोलेरो, इनोव्हासारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत हाच धक्का प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसचाही असतो, त्याआधी हळू वेगात किचकिच ऐकू येते.

पूर्ण वळणावर टकटक आली तर एक्सलचा बाहेरचा जॉइंट. त्याच्या रबरी बुटाला चीर पडून ग्रीस बाहेर उडालेलं दिसेल. चाकाच्या बेअरिंगचा हुंकार ५०-६० च्या वेगात येतो. मोकळ्या रस्त्यावर गाडी हलकीच डावीकडे घ्या, भार उजव्या चाकांवर जातो. आवाज वाढला तर उजवं बेअरिंग, कमी झाला तर डावं. रस्ता डांबराचा बदलून सिमेंटचा झाला आणि आवाजही बदलला, तर तो टायरचा. पावसाळ्यात कच्च्या रस्त्यावरून आल्यावर चाकातून कर्कश चरचर येत असेल तर ब्रेक डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्यात खडा अडकला आहे का ते आधी बघा, थोडं मागे-पुढे केलं की बहुधा तो पडतो.

क्लच पेडल नसलेल्या गाड्यांत काकांची ती क्लच दाबून बघायची तपासणी जमत नाही. एएमटीमध्ये आत साधाच गिअरबॉक्स आणि क्लच असतो, तेव्हा बेअरिंगचे नियम तेच. काही एएमटी गाड्यांत ड्रायव्हरचा दरवाजा उघडल्याबरोबर गूं असा आवाज येतो, तो पंपाचा आहे, बिघाड नाही. सीव्हीटीत आणि टॉर्क कन्व्हर्टरमध्ये ऑइलचा रंग, वास आणि पातळी आधी बघायची, जळका वास असेल तर पुढची चर्चा तज्ज्ञाकडेच.

गाडी बघायला जाताना

विकत घ्यायला जाणार असाल तर विकणाऱ्याला आदल्या दिवशी सांगा, "मी येईपर्यंत चालू करू नका." पोचल्यावर सगळ्यात आधी हात बॉनेटवर ठेवा. गरम लागलं तर चहा प्या, गप्पा मारा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत या. थंड इंजिनचे पहिले दहा सेकंद दिवसातून एकदाच मिळतात. टेप बंद, एसी बंद, काचा खाली. मग एखाद्या लांब भिंतीच्या किंवा सिमेंटच्या दुभाजकाच्या कडेने हळू चालवा. भिंतीवरून परतणारा आवाज तुम्हाला चाकांकडचं सगळं ऐकवतो. त्यानंतर चढ. आमच्याकडे खंबाटकी आहे, तुमच्याकडे कसारा असेल, आंबोली असेल. तिसऱ्या गिअरला भार देऊन चढवा आणि उतारावर पाय काढून घ्या, गिअरबॉक्सचे दोन्ही सूर ऐकू येतात. डिपस्टिकवर काकवीसारखं दाट ऑइल दिसलं तर आवाज दडपण्यासाठी ते घातलंय असं समजून भाव करा, किंवा सोडून द्या.

सीएनजीवर चाललेली गाडी असेल तर टॅपेटचा अजिबात आवाज नाही म्हणून खूश होऊ नका. गॅसवर बरीच वर्षं चाललेल्या काही इंजिनांत व्हॉल्व्हची बैठक झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची मोकळीक कमी होत जाते. टिकटिक थांबते खरी, पण व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि जळायला लागतो. टॅपेट अगदी शांत, आयडल मात्र लंगडतोय आणि चढावर दम नाही, असं असेल तर सौदा करण्याआधी कॉम्प्रेशन तपासून घ्या.

टायमिंग बेल्टचंही तसंच. चेन आधी खळखळते, रबराचा पट्टा बहुधा काही न बोलता तुटतो. गाडीत चेन आहे की बेल्ट ते पुस्तकात बघा. बेल्ट असेल तर शेवटचा कधी बदलला याचं बिल मागा, त्यावर तारीख आणि किलोमीटर दोन्ही हवेत. बिल नसेल तर बदललेलाच नाही असं धरा, त्याचे पैसे किमतीतून वळते करून घ्या आणि गाडी घरी आणल्या आठवड्यात बेल्ट, टेन्शनर आणि पाण्याचा पंप त्यावरच चालत असेल तर तोही, एकदमच बदलून टाका.